खाशाबा जाधव : ताकद आणि तिची जोपासना

आमच्या पोलादपूरकडच्या मुलांच्या पायांत उपजतच ताकद असते, असे कौतुकाने म्हटले जाते. डोंगर चढणे, भाताचे भारे वाहणे हे आम्हाला नवे नाही. मग पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्यात डोंगरातलाच गडी शेवटी का थकतो? या प्रश्नाचे उत्तर मला खाशाबा जाधव यांच्या चरित्रात सापडले.

आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, साताऱ्यावरून पुढे गेले की कऱ्हाड लागते. तेथून जवळच गोळेश्वर या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी एका शेतकरी कुटुंबात खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यांनी मुलाला लहानपणीच आखाड्यात उतरवले. खाशाबांची अंगकाठी लहान, म्हणून त्यांचा भर चपळाईवर होता. तालमीतला प्रत्येक व्यायाम नेमके काम करतो. जोराने छाती नि खांदे भरतात, बैठकांनी मांड्या घट्ट होतात, हौद्याची माती उकरल्याने कंबर व पंजा बळकट होतो आणि धावण्याने दम टिकतो.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. मातीत पाय रुतवून लढणाऱ्या मल्लाला तेथील मॅट आणि गुणांचे नियम नवखे होते. अंगात बळ होते, पण त्या कुस्तीची सवय नव्हती. पुढची चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी मात्र पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले! विद्यार्थ्यासाठी एवढे करणारे गुरुजन कोणत्याही कॉलेजचे भूषणच होत.

हेलसिंकीत एका दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हशी लढावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता; पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. तरीही बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे वाट पाहावी लागली. परतल्यावर त्यांची शंभराहून अधिक बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

हे चरित्र वाचून मला एक गोष्ट पटली. घाम गाळणे हा तयारीचा अर्धाच भाग आहे. पोटभर अन्न, वेळेवर विश्रांती, स्पर्धेच्या नियमांचा सराव आणि पाठीशी उभे राहणारे जाणते माणूस हा उरलेला अर्धा भाग. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्यासारख्या मुलांना व्यायाम कोणी शिकवावा लागत नाही, पण कधी थांबावे हे सांगणारे घरी कोणी नसते. मित्रहो, महाड-पोलादपूरच्या डोंगरांनी आपल्याला पाय दिले आहेत. त्या पायांना पद्धतशीर तयारीची जोड देणे हे आता आपले आणि आपल्या जिमखान्याचे काम आहे.