माथेरानचा वकील, सिद्धगडचा हुतात्मा : भाई कोतवाल

मुरुड : समुद्र बघायला मुंबई-पुण्याची माणसं मुरुडला येतात आणि समुद्राला कंटाळलेले मुरुडकर सुट्टीला माथेरान गाठतात. अलिबाग, पेण, पनवेल करत नेरळ, तिथून घाट चढून दस्तुरी नाका. पुढे गाडी बंद. मग पायी, घोड्यावर नाहीतर मिनी ट्रेनने. लाल मातीची वाट, झाडी, माकडं, पॉइंट. लुईझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, शार्लोट लेक. सगळी नावं गोऱ्या साहेबांची आणि त्यांच्या मडमांची. फोटो काढून माणसं खाली उतरतात. पण या डोंगरावर जन्मलेल्या एका माणसाने इंग्रजांच्या मुंबईची वीज तोडली होती, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्यांचं नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणतात.

भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा. घर नाभिक समाजातलं, परिस्थिती बेताची. त्यांच्या जन्माच्या वेळी माथेरानला थंड हवेचं ठिकाण म्हणून साठ-बासष्ट वर्षं झाली होती. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात हा डोंगर चढला, त्याला हवा आवडली आणि पाठोपाठ बंगले उभे राहिले. १९०५ साली नगरपालिका आली, १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे वर आली. ती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधली. बंगले साहेबांचे आणि मुंबईच्या शेठ लोकांचे. पालख्या उचलणारे, पाणी वाहणारे, घोडे सांभाळणारे, दाढी-हजामत करणारे मात्र इथले. अशा गावात दोन वस्त्या असतात, एक दिसणारी आणि एक राबणारी. भाई दुसरीतले.

शिक्षणासाठी ते पुण्याला नातेवाइकांकडे राहिले. हुशारी होती, जिद्द होती. कॉलेज केलं, पुढे वकिलीची परीक्षाही पास झाले. त्या काळी असा मुलगा वकील होणं म्हणजे घराचं नशीब पालटणं. मुंबईत किंवा पुण्यात बस्तान बसवून सुखाने राहता आलं असतं. भाई परत डोंगराकडे आले.

खाली कर्जत तालुक्यात आणि डोंगराच्या अंगाखांद्यावरच्या वाड्यांमध्ये ठाकूर, कातकरी आणि छोटे शेतकरी राहत. पावसाळा लागला की घरातलं धान्य संपायचं. मग सावकाराच्या दारात जाऊन खावटी घ्यायची आणि सुगीला सवाई-दिढीने फेडायची. एक मण घेतलं तर दीड मण परत. फेडता फेडता जमीन जायची. ही गोष्ट कोकणात नवी नव्हती, आपल्या आजोबा-पणजोबांनी ती भोगलेली आहे. भाईंनी टंचाईच्या काळात धान्य कोठ्या सुरू केल्या. सुगीत धान्य साठवायचं आणि अडचणीच्या महिन्यांत गरजवंताला द्यायचं, म्हणजे सावकाराची पायरी चढायला नको. साधीच युक्ती, पण सावकाराच्या पोटावर पाय देणारी.

दुसरं काम शाळांचं. माथेरानच्या आसपासच्या गावांत त्यांनी ४२ शाळा चालवल्या, त्याही स्वयंसेवकांच्या बळावर. अंगठा कशावर उमटवतोय हे कुळाला वाचता आलं पाहिजे, नाहीतर कोर्टात वकील कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. १९४१ साली भाई माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. साहेबांच्या गावात आता नाभिकाचा मुलगा खुर्चीवर होता.

ही खुर्ची त्यांनी फार दिवस सांभाळली नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये चले जावची हाक आली, नेते तुरुंगात गेले आणि भाई भूमिगत झाले. मुरुड तेव्हा जंजिरा संस्थानात, नवाबाच्या राज्यात होतं. कर्जतच्या बाजूला मात्र सरळ इंग्रजांचा अंमल. भाईंनी आझाद दस्ता उभा केला. त्यात मानिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचा मुलगा हिराजी होते, आसपासची शेतकरी पोरं होती. बापलेक दोघंही एकाच दस्त्यात!

त्यांनी निशाणा नेमका धरला. खोपोली आणि भिवपुरीच्या वीजघरांत पाण्यावर तयार होणारी वीज डोंगर-रानातून उंच लोखंडी मनोऱ्यांवरून मुंबईला जायची. त्या विजेवर गिरण्या चालत, कारखाने चालत, लोकल गाड्या धावत. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि मुंबईतला माल युद्धावर जात होता. मनोरा पडला की हे सगळं अडतं. शिवाय मनोरे होते रानात, आणि रानाची वाट दस्त्यातल्या पोरांना पोलिसांपेक्षा चांगली माहीत होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने ११ मनोरे पाडले. मुंबईत वीज गेली, गिरण्या आणि रेल्वेला फटका बसला.

सरकार पिसाळलं. भाईंना पकडून देणाऱ्याला २५०० रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. त्या काळात एवढ्या पैशात माणसाचं उभं आयुष्य मार्गी लागलं असतं. तरी महिनोन् महिने भाई सापडले नाहीत. वाड्या-पाड्यांनी त्यांना जपलं, भाकरी दिली, वाट दाखवली. धान्य कोठ्यांची फेड म्हणायची तर हीच.

शेवटी खबर फुटलीच. दस्ता मुरबाड तालुक्यात सिद्धगडच्या जंगलात मुक्कामाला होता. २ जानेवारी १९४३ ला पहाटे हॉल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने पोलीस घेऊन जंगल वेढलं आणि गोळीबार केला. हिराजी पाटील पडले. भाईही तिथेच पडले. तिसावं वर्ष पूर्ण होऊन त्यांना जेमतेम एक महिना झाला होता. गोमाजींच्या घरचा मुलगा गेला. चार वर्षं, सात महिने आणि काही दिवसांनी देश स्वतंत्र झाला. मुरुडचं संस्थान १९४८ साली विलीन झालं.

भाईंच्या आयुष्यावर २०२० मध्ये मराठी सिनेमा आला. ज्यांना चालत जाऊन बघायचं असेल त्यांनी मुरबाडहून म्हसा, नारिवलीच्या बाजूने सिद्धगडचा पायथा गाठावा. तिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचं स्मारक आहे. दरवर्षी २ जानेवारीला अंधार असतानाच माणसं निघतात आणि उजाडायच्या आत तिथे पोहोचतात. थंडी कडाक्याची असते, कांबळं बरोबर घ्यावं.