विन्सर मॅके
विन्सर मॅके (मृत्यू: २६ जुलै १९३४, ब्रुकलिन, न्यू यॉर्क) हे अमेरिकन व्यंगचित्रकार आणि ॲनिमेशनपटांचे आद्य निर्माते होते. १९०५ साली सुरू झालेली 'लिटल नेमो इन स्लंबरलँड' ही चित्रमालिका आणि १९१४ सालचा 'गर्टी द डायनोसॉर' हा लघुपट यांसाठी ते विशेष ओळखले जातात. त्या मानाने त्यांचा 'द सिंकिंग ऑफ द लुसिटेनिया' (१९१८) हा लघुपट कमी परिचित आहे.

कारकीर्द
मॅके यांचे बालपण मिशिगन राज्यात गेले. सिनसिनाटी येथे जाहिरातचित्रे व वृत्तपत्रीय चित्रे काढल्यानंतर १९०३ मध्ये ते न्यू यॉर्कला आले. १९११ मध्ये ते विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या वृत्तपत्रसमूहात रुजू झाले. त्याच वर्षी त्यांचा पहिला ॲनिमेशनपट प्रदर्शित झाला.

'द सिंकिंग ऑफ द लुसिटेनिया'
७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ 'लुसिटेनिया' हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले. त्यात ११९८ जणांचा मृत्यू झाला. हर्स्ट यांचा अमेरिकेच्या युद्धप्रवेशास विरोध होता व मॅके यांना नोकरीचा भाग म्हणून त्या धोरणाची व्यंगचित्रे काढावी लागत. या घटनेने व्यथित झालेल्या मॅके यांनी मात्र स्वखर्चाने त्यावर चित्रपट काढण्याचे ठरवले.

दुर्घटनेचे चलत्चित्रण उपलब्ध नसल्याने प्रत्येक दृश्य हाताने रेखाटावे लागले. सुमारे २५,००० चित्रे काढण्यास २२ महिने लागले. मॅके यांनी या कामी प्रथमच सेल्युलॉइडचे पारदर्शक पत्रे वापरले. त्यामुळे प्रत्येक चित्रात पार्श्वभूमी पुन्हा रेखाटण्याची गरज उरली नाही. सुमारे १२ मिनिटांच्या या पटात विनोदास थारा नाही. धुराचे लोट, कलणारे जहाज आणि समुद्रात पडणारी माणसे यांचे चित्रण वार्तापटासारखे गंभीर आहे. बाळाला वर धरून बुडणाऱ्या मातेच्या दृश्याने तो संपतो. युद्धकाळातील प्रचारपट म्हणूनही त्याकडे पाहिले जाते.

जुलै १९१८ मध्ये लघुपट प्रदर्शित झाला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरून वर्ष उलटले होते. त्याला अपेक्षित आर्थिक यश मिळाले नाही.

वारसा
१९२१ नंतर मॅके यांनी एकही ॲनिमेशनपट पूर्ण करून प्रदर्शित केला नाही. वृत्तपत्रांसाठी ते अखेरपर्यंत चित्रे काढत राहिले. २०१७ मध्ये या लघुपटाचा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश झाला. ॲनिमेशन क्षेत्रातील आजीवन योगदानासाठी दिला जाणारा विन्सर मॅके पुरस्कार त्यांच्या नावाने ओळखला जातो.