इंग्रजीत नापास

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई लोकांच्या रानात मजुरीला जाते. बारावीच्या निकालाच्या दिवशी माझे सगळे विषय सुटले आणि इंग्रजी तेवढी राहिली. गुणपत्रिकेवर नापास असा शेरा पाहून वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला. बाकी सगळ्यांत पास असताना एका विषयापायी सगळ्यांतच नापास कसे धरतात? मला उत्तर देता आले नाही. पुढे पुरवणी परीक्षेत मी इंग्रजी सोडवली आणि या महाविद्यालयात आले. पण वडिलांचा प्रश्न मनातून गेला नाही. गेल्या वर्षी ग्रंथालयात श्रीनिवास रामानुजन यांचे चरित्र हाती लागले, तेव्हा हाच प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तामिळनाडूतल्या एका घरातही पडला असेल, असे वाटले. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. त्यांच्या गणितातले मला फारसे कळत नाही. मी लिहिणार आहे ते त्यांच्या इंग्रजीच्या पेपराबद्दल आणि त्या पेपराने त्यांच्या आयुष्याला दिलेल्या वळणाबद्दल.

रामानुजन यांचा जन्म 22 डिसेंबर 1887 रोजी इरोड येथे, आजोळी झाला. त्यांचे घर कुंभकोणमचे. वडील श्रीनिवास अय्यंगार एका साड्यांच्या दुकानात कारकून होते आणि आई कोमलताम्मल देवळात भजने गात असत. घरी खाणारी तोंडे अधिक आणि मिळकत थोडी, म्हणून कॉलेजात शिकणारी मुले घरात भाड्याने ठेवीत. या मुलांची गणिताची पुस्तके हाताळता हाताळता शाळकरी रामानुजन त्यांच्या पुढे निघून गेले. 1897 साली प्राथमिक परीक्षेत ते तंजावर जिल्ह्यात पहिले आले. त्या परीक्षेत गणित, भूगोल आणि तमिळबरोबर इंग्रजीही होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याला पुढे इंग्रजीत नापास ठरवले गेले, तो मुलगा दहाव्या वर्षी त्याच विषयाची परीक्षा देऊन जिल्ह्यात पहिला आला होता.

पुढे ते टाऊन हायस्कुलात गेले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास कार नावाच्या इंग्रज शिक्षकाने तयार केलेले एक पुस्तक त्यांच्या हाती आले. त्यात सुमारे पाच हजार सिद्धांत एकामागून एक मांडलेले होते. पुराव्यांचा मात्र बहुतेक ठिकाणी पत्ता नव्हता. परीक्षेसाठी मुले अशा पुस्तकावरून शेवटची उजळणी करीत. रामानुजन यांनी मात्र त्यातला एकेक सिद्धांत स्वतः सिद्ध करायला घेतला. कागद महाग होता, म्हणून ते पाटीवर गणित करीत, कोपराने पुशीत आणि शेवटचे उत्तर तेवढे वहीत उतरवून ठेवीत. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वह्यांत उत्तरे आहेत आणि पुरावे नाहीत, त्याचे एक कारण हेही असावे.

1903 च्या अखेरीस ते मद्रास विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. 1904 साली शाळेने त्यांना गणिताचे पारितोषिक दिले आणि कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात प्रवेश घेताना त्यांना सुब्रह्मण्यम शिष्यवृत्ती मिळाली. ही शिष्यवृत्ती सामान्यतः इंग्रजी आणि गणित या दोन विषयांतल्या प्राविण्याबद्दल दिली जाई. म्हणजे कॉलेजच्या दारात उभे असताना त्यांची इंग्रजी चांगली समजली जात होती!

मग वर्षभरात असे काय घडले? घडले ते अगदी साधे होते. एफ.ए.च्या वर्गात गणिताबरोबर इंग्रजी, इतिहास, संस्कृत आणि शरीरशास्त्र असे विषय होते आणि प्रत्येकात उत्तीर्ण होणे सक्तीचे होते. रामानुजन यांना आता गणितावाचून काही सुचत नव्हते. इतिहासाचा तास असो वा इंग्रजीचा, त्यांच्या वहीत आकडेच उमटत. वर्षाच्या शेवटी इंग्रजी निबंधलेखनाच्या पेपरात ते नापास झाले. वरच्या वर्गात त्यांना घेतले नाही आणि शिष्यवृत्तीही गेली. फी भरण्याची ऐपत घरात नव्हतीच. आईने कॉलेजात जाऊन रदबदली केल्याचे सांगतात, पण नियम तो नियम. 1905 च्या ऑगस्टात ते घरी काही न सांगता विशाखापट्टणमला निघून गेले. मुलगा हरवला म्हणून आईवडिलांना वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली. अठरा वर्षेही पुरी न झालेल्या, निकालाला आणि घरच्यांच्या तोंडाला भिऊन पळालेल्या या मुलाचा विचार मनात आला की मला तो फार जवळचा वाटतो. निकालाच्या दिवशी मीही संध्याकाळपर्यंत घरी गेले नव्हते.

1906 साली त्यांनी मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजात पुन्हा नाव घातले. तेथे आजारपण आडवे आले. शरीरशास्त्रात त्यांना शंभरात दहा गुणही मिळत नसत. 1907 च्या अखेरीस ते बाहेरून एफ.ए.ला बसले आणि पुन्हा नापास झाले. कॉलेजचे शिक्षण येथे कायमचे संपले.

पुढची काही वर्षे फार हलाखीत गेली. 1909 साली आईने त्यांचे लग्न लावून दिले. पत्नी जानकी तेव्हा दहा वर्षांची होती. डोक्यावर संसार आला, हातात पदवी नाही. शिकवण्या मिळत, पण टिकत नसत, कारण शिकवता शिकवता ते परीक्षेचा रस्ता सोडून भलतीकडेच जात. वह्या काखोटीला मारून ते माणसांच्या दारी जाऊ लागले. भारतीय गणित परिषदेचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर हे हुद्द्याने डेप्युटी कलेक्टर होते. त्यांच्याकडे रामानुजन महसूल खात्यात कारकुनी मागायला गेले. वही चाळल्यावर अशा माणसाला कारकुनीत गाडून टाकायचे त्यांच्या जिवावर आले. त्यांनी मद्रासच्या मित्रांना चिठ्ठ्या दिल्या. त्यातून नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव भेटले आणि काही काळ दरमहा 25 रुपये देत राहिले. 1911 साली या परिषदेच्या नियतकालिकात रामानुजन यांचा पहिला लेख आला. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या परिषदेचे ग्रंथालय तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते आणि रँग्लर परांजपे त्याची व्यवस्था पाहात.

1912 च्या फेब्रुवारीत रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी इंग्रजीत अर्ज केला. मॅट्रिक झालो आहे, एफ.ए.पर्यंत शिकलो आहे, पण काही प्रतिकूल गोष्टींमुळे पुढे शिकता आले नाही, असा त्यातला मजकूर होता. नापास हा शब्द त्यात नव्हता. नोकरी मिळाली, पगार 30 रुपये. हा अर्ज वाचताना मी थोडा वेळ थांबले. निबंधाच्या पेपराने ज्याची इंग्रजी अपुरी ठरवली, त्याने पोटापुरते इंग्रजी नीट लिहिले आणि त्याचे काम झाले.

पण खरी परीक्षा पुढेच होती. 16 जानेवारी 1913 रोजी त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र पाठवले. याआधी तिकडच्या ज्या गणितज्ञांना त्यांनी लिहिले होते, त्यांच्याकडून काही मदत झाली नव्हती. या पत्रात आपण वर्षाला 20 पौंडांवर काम करणारे कारकून आहोत आणि विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले आणि पुढे पानेच्या पाने सूत्रे लिहिली. पत्राच्या भाषेत कचेरीतल्या वरिष्ठांचा हात लागला असावा, असे चरित्रकार मानतात. लागला असला तर बिघडले काय? हार्डी यांनी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांनी त्या पत्रातली इंग्रजी तपासली नाही, त्यातले गणित तपासले आणि हा माणूस अव्वल दर्जाचा आहे असे ठरवले.

त्यानंतर दारे उघडत गेली. मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या कारकुनाला, नियमाला मुरड घालून, दरमहा 75 रुपयांची संशोधनवृत्ती दिली. ज्या विद्यापीठाचा नियम एका पेपरासाठी वाकला नव्हता, त्याच विद्यापीठाचा नियम आता वाकला. 17 मार्च 1914 रोजी रामानुजन बोटीने इंग्लंडला निघाले. एफ.ए. न होऊ शकलेल्या या माणसाला 1916 साली केंब्रिजने संशोधनाबद्दल बी.ए. ही पदवी दिली. 1918 साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजचेही फेलो झाले.

त्यांच्या एका कामाची ओळख माझ्यासारखीलाही करून देता येते. 4 ही संख्या बेरजेने किती तऱ्हांनी फोडता येईल? नुसते 4, 3 आणि 1, 2 आणि 2, 2, 1 आणि 1, आणि चार वेळा 1. अशा पाच तऱ्हा झाल्या. आता 100 ही संख्या घ्या. तिच्या तऱ्हा होतात 19,05,69,292. एकेक मोजत बसलो तर जन्म पुरणार नाही. हार्डी आणि रामानुजन यांनी अशी संख्या काढण्याचे जे सूत्र 1918 साली प्रसिद्ध केले, त्याने गणितज्ञ थक्क झाले. या लेखांची इंग्रजी घडवण्यात हार्डी यांचा मोठा वाटा होता. पुरावा कसा मांडायचा हेही रामानुजन तेथे शिकले. म्हणजे शिकण्याची त्यांची तयारी नव्हती, असे म्हणता येत नाही.

इंग्लंडची थंडी, युद्धकाळातली टंचाई आणि शाकाहाराचे हाल यांनी त्यांची प्रकृती ढासळली. 27 मार्च 1919 रोजी त्यांची बोट मुंबईच्या बंदरात लागली. धक्क्यावर आई होती, जानकी नव्हती. 26 एप्रिल 1920 रोजी मद्रासमध्ये, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी ते गेले. शेवटच्या वर्षातही अंथरुणावरून त्यांचे गणित चालूच होते. जानकी नंतर बरीच वर्षे मुंबईत भावाकडे राहिल्या आणि पुढे मद्रासला परतून शिवणकामावर व विद्यापीठाच्या निवृत्तिवेतनावर जगल्या. ज्या वह्या घेऊन रामानुजन दारोदार फिरले, त्या 1957 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जशाच्या तशा छापून काढल्या.

मित्रमैत्रिणींनो, या चरित्रावरून परीक्षा वाईट आणि नापास होणारे थोर, असा निष्कर्ष काढण्याचा मोह मलाही झाला होता. पण तो खरा नाही. रामानुजन यांनी इंग्रजीचा अभ्यास केला नव्हता, आणि पेपराने तेवढेच सांगितले. पेपर खोटे बोलला नाही. शिवाय नापास होणारा प्रत्येक जण रामानुजन नसतो. मी तर नव्हतेच. मी नापास झाले, कारण माझे इंग्रजी खरोखरच कच्चे होते.

चूक झाली ती पेपरात नव्हे, पेपराच्या निकालाला दिलेल्या अधिकारात. निबंधाच्या पेपराला निबंधाबद्दल बोलण्याचा हक्क होता. पण त्याच्या हाती गणिताच्या दाराचीही किल्ली देण्यात आली. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. एकात नापास म्हणजे सगळ्यांत नापास, हे ज्ञान सांगत नाही, नियम सांगतो. आणि नियम माणसांनी केलेले असतात. ते वाकतात, हे मद्रास विद्यापीठाने 1913 साली दाखवून दिले.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. रामानुजन गरीब होते, पण त्यांच्या जातीत आणि गोतावळ्यात शिकलेली, हुद्द्यावरची माणसे होती. एकाने दुसऱ्याला चिठ्ठी दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि ती साखळी केंब्रिजपर्यंत पोचली. ज्या घरात अर्ज लिहून देणाराही कोणी नाही, त्या घरातल्या मुलाने वह्या घेऊन कुणाच्या दारी जावे? त्याच्यासाठी परीक्षा हेच एक दार असते, म्हणून ते नीट बांधलेले हवे. आमच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की इंग्रजीची परीक्षा जरूर घ्या, कडक घ्या. पण पाठ केलेल्या निबंधाबरोबर एखादा खराखुरा अर्जही लिहायला लावा, आणि जो पडेल त्याला दुसऱ्या विषयात काय येते तेही एकदा विचारा.

परवा वडिलांच्या कामाच्या ठिकाणी विम्याचा एक कागद इंग्रजीत आला. शब्दकोश घेऊन मी तो बसून वाचला आणि पंधरा हमालांना मराठीत समजावून सांगितला. दोन तास लागले. त्याला कुणी गुण दिले नाहीत. वडील मात्र त्या दिवशी सगळ्यांना सांगत होते की पोरगी इंग्रजीत पास झाली.