दाब मोजणारे स्वामीजी

हौसेने गाडीला जास्त ताकदीचा इंधनपंप आणि मोठे इंजेक्टर बसवून घ्यावेत, आणि खोपोली सोडून बोरघाट चढायला लागताच गाडीने दम टाकावा, असा अनुभव काही गाडीवाल्यांना येतो. उतावळा मिस्त्री अशा वेळी नव्या पंपालाच दोष देऊन दुसरा पंप आणायला सांगतो. जाणता मिस्त्री आधी इंधनाच्या नळीवर गेज लावतो. इंजिन बंद केल्यावर काटा झरझर खाली आला, तर पंपातला उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर तपासायचा. उभ्या गाडीत दाब ठीक आणि चढावर मात्र घसरतो, असे दिसले तर तुंबलेला फिल्टर, अरुंद नळी किंवा नव्या पंपाचा वाढीव करंट न पेलणारी जुनी वायर पाहायची. पंप बदलायचा की नाही, हे त्यानंतर.

आधी मोजा, मग बोला, ही शिस्त याच घाटमाथ्यावरच्या एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी योगशास्त्राला लावली. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद हे ते गृहस्थ.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी गुजरातेतील डभोई येथे, गरीब मराठी कुटुंबात. 1903 मध्ये मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि बडोद्यात कॉलेजचे शिक्षण घेतले. तेथेच जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांचे शरीर घडले. लोकमान्य टिळक आणि श्रीअरविंद यांच्या प्रभावाने राष्ट्रकार्याची ओढ लागली. आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन ते शिक्षक झाले आणि खानदेशात अमळनेरला अध्यापन करू लागले.

1919 मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांना परमहंस माधवदासजी भेटले. या गुरूंकडून त्यांनी योगाच्या क्रिया शिकून घेतल्या. गुरूंवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती. तरी शिकलेल्या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. उत्तर पोथीत नव्हते. ते शोधायला ते बडोद्याच्या रुग्णालयात गेले आणि तिथल्या क्ष-किरण यंत्रापुढे विद्यार्थ्यांना उभे करून त्यांनी तपासण्या सुरू केल्या. या पावलात धोका होता. यंत्राने गुरुवचनाविरुद्ध कौल दिला असता, तर शिष्याला तोही मान्य करावा लागला असता.

पुढे अमळनेरचे राष्ट्रीय महाविद्यालय बंद पडले. चाळिशी ओलांडलेल्या गुण्यांनी मावळातल्या लोणावळ्यात नवा डाव मांडला. ऑक्टोबर 1924 मध्ये कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. तेथील प्रयोग त्यात छापून येऊ लागले.

सुरुवातीचे प्रयोग उड्डियान आणि नौली यांवर होते. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून, तो बाहेरच रोखून, श्वास घेतल्यासारखी छाती फुलवतात. हवा आत येत नाही. त्यामुळे छाती आणि पोट यांमधला पडदा वर ओढला जातो आणि पोट खोल आत जाते. नौलीत त्याच स्थितीत पोटाचे उभे स्नायू आकसून पुढे काढतात. हठयोगी पाण्यात बसून नौलीच्या साहाय्याने मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेत, हीच बस्तिक्रिया. पण पंप नाही, पिचकारी नाही, मग पाणी वर चढते कसे? आतड्याची नेहमीची हालचाल उलटी होते काय, अशी शंका घेता येत होती.

स्वामीजींनी गेज लावला. अर्थात त्यांचा गेज पाऱ्याचा होता. दाबमापकाची नळी आतड्याशी जोडून त्यांनी क्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर पाऱ्याची पातळी पाहिली. नौली सुरू होताच आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जात होता. म्हणजे आत अंशतः निर्वात तयार होत होता आणि बाहेरचा दाब पाण्याला आत ढकलत होता. इंजिनात पिस्टन खाली सरकला की सिलिंडरमधली जागा वाढते, दाब घटतो आणि हवा आत येते, तसेच हे. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. चमत्काराच्या जागी भौतिकशास्त्राचा साधा नियम आला, आणि गुरूंचा मानही राहिला.

मग त्यांनी रक्तदाबाकडे मोर्चा वळवला. उलट्या स्थितीच्या आसनांत रक्तदाब किती बदलतो, याच्या नोंदी 1920 च्या दशकातच होऊ लागल्या. 1927 मध्ये रक्तदाबाने आजारी पडलेल्या गांधीजींनी पत्रांतून त्यांचा सल्ला घेतला. प्राणायामाविषयी तर त्यांनी लोकप्रिय समजालाच हात घातला. खोल श्वासाने शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो आणि तोच प्राणायामाचा मुख्य लाभ, हे त्यांना पटेना. प्राणायामाचे खरे मोल ते छाती-पोटातल्या दाबाच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवर होणाऱ्या त्यांच्या परिणामांत शोधत राहिले.

ही प्रयोगशाळा पाहायला परदेशांतूनही माणसे येऊ लागली. येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन 1930 च्या दशकात लोणावळ्यात राहून योग शिकले आणि 1937 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. 1957 मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील शास्त्रज्ञ आपली उपकरणे घेऊन आले. दरम्यान कैवल्यधामच्या शाखा मुंबईत आणि सौराष्ट्रात निघाल्या, लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय आणि पुढे रुग्णालयही सुरू झाले. 18 एप्रिल 1966 रोजी स्वामीजींचे निधन झाले.

त्यांचे सगळेच निष्कर्ष आज जसेच्या तसे टिकतील, असे मानायचे कारण नाही. प्रयोगात भाग घेणारे थोडे होते आणि तुलनेसाठी स्वतंत्र गट ठेवण्याची आजची पद्धत तेव्हा रुळायची होती. पण दाव्याला मापाची कसोटी लावायची, ही वाट त्यांनी घालून दिली.

वाचकांसाठी एक सूचना. उड्डियान आणि नौली पुस्तक किंवा चित्रफीत पाहून करू नयेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पोटातील व्रण असलेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गर्भवतींनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. इतरांनीही जाणत्या शिक्षकासमोर आणि रिकाम्या पोटीच शिकावे. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आसने सुरू केली म्हणून ती मनाने बंद करू नये. आधी दाब मोजून घ्यावा आणि आकडा डॉक्टरांना दाखवावा. स्वामीजींनीही मोजल्याशिवाय काही सांगितले नसते.