कै. बाळू पालवणकर यांचा ठेवा

क्रीडापटूंच्या वापरातील वस्तूंस आज मोठे मोल आले आहे. विलायतेत जुन्या फुटबॉलपटूंचे सदरे, टोप्या व पदके लिलावात विकली जातात. चर्मकार समाजात जन्मलेले थोर क्रिकेटपटू कै. बाळू पालवणकर यांचे चरित्रही तीन साध्या वस्तूंवरून सांगता येते. परंतु त्यांचे मोल पैशात होणारे नाही.

पहिली वस्तू म्हणजे खेळपट्टीवरील रूळ. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडास झाला. पुण्यात पारशी क्लबाच्या मैदानावर झाडलोट करणे व रूळ फिरविणे, याबद्दल त्यांस दरमहा तीन रुपये मिळत. पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. तेथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी मंदगती गोलंदाजी सिद्ध झाली. कॅप्टन ग्रेग यांस बाद केल्यास आठ आणे बक्षीस मिळे, असे सांगतात.

दुसरी वस्तू मातीचे भांडे. सामने जिंकावयाचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना घेतले. त्यांनी हाताळलेला चेंडू मैदानावर सर्वांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्यांस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. हा अपमान गिळून ते खेळत राहिले. पुढे मुंबईस हिंदू जिमखान्याच्या संघातून ते खेळू लागले आणि १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी नमविले.

तिसरी वस्तू मानपत्र. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. त्याच उन्हाळ्यात कलकत्त्यास मोहन बागानने गोऱ्या पलटणीस फुटबॉलमध्ये हरवून ढाल जिंकली. विलायतेत बाळूंनी एकंदर ११४ बळी घेतले. मुंबईस अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. मानपत्र अर्पण करणाऱ्यांत तरुण भीमराव आंबेडकर होते. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हे दोघे परस्परांविरुद्ध उभे राहिले व बाळू पराभूत झाले. मतभेदाने त्या मानपत्राचे मोल उणे होत नाही.

एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंच्या वाट्यास आले नाही. १९२० साली उपकर्णधारपदावर त्यांची बोळवण झाली. १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. थोरल्यास नाकारलेले दार धाकट्यास उघडले, ते थोरल्याच्या कष्टांमुळेच. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईस बाळूंचे देहावसान झाले.

चंद्रपूरपासून सिरोंच्यापर्यंत आपल्या कित्येक घरी आजोबांची रापी, आरी, एखादे जुने छायाचित्र वा शाळेतील पदक असेल. समाजबांधवांनी ते अडगळीत टाकू नये. मुलांच्या हाती देऊन त्यामागील कष्टांची कथाही सांगावी. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिला नाही, त्याने आपला ठेवा स्वतःच जपला पाहिजे.