कर्मयोगी श्रीगाडगेबाबा

उपदेश करणारे जगात पुष्कळ आहेत आणि तो भक्तिभावाने ऐकणारेही थोडे नाहीत. परंतु ऐकलेले आचरणात उतरावे, असे क्वचितच घडते. श्रेष्ठ पुरुष जसा वागतो तसेच इतर लोक वागू लागतात, हे रहस्य भगवंतांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनास सांगितले आहे. त्याचा प्रत्यय ज्यांच्या चरित्रात पदोपदी येतो, असे एक महापुरुष म्हणजे श्रीगाडगेबाबा होत.

विदर्भातील अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील मद्यपानाच्या व्यसनाने अकाली निवर्तले आणि आईने बालकासह दापुरे या गावी माहेरचा आश्रय घेतला. तेथे डेबूजी गुरे राखी, नांगर धरी आणि रात्री भजनात रमे. मामाची जमीन कर्जापायी सावकाराच्या घशात गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली. व्यसन, ऋण आणि निरक्षरता ही दीनांची त्रिविध दुःखे त्याला घरातच भोगावी लागली.

विवाहानंतर कन्येच्या बारशाचा प्रसंग आला. अशा समयी जातभाईंना मद्यमांसाची पंगत द्यावी, अशी रूढी होती. डेबूजीने मात्र पानावर गोड अन्न वाढले. आप्तजन रुष्ट झाले, तरी तो ढळला नाही. पुढे ज्याचा उपदेश हजारोंना करावयाचा होता, त्याचा आरंभ असा स्वतःच्या घरी झाला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हाती खराटा आणि जवळ मातीचे एक गाडगे, एवढाच त्यांचा प्रपंच. त्या गाडग्यामुळेच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. पूर्णा नदीच्या तीरी ऋणमोचन येथे यात्रा भरे. घाट नसल्यामुळे स्नानास उतरणारे भाविक काठच्या चिखलात घसरत. बाबांनी कोणापुढे गाऱ्हाणे न मांडता स्वतः खोदकामास हात घातला. तो एकटा श्रमणारा पुरुष पाहून इतरांचेही हात कामास लागले आणि काही वर्षांत तेथे लोकवर्गणीतून घाट उभा राहिला.

हीच त्यांची आयुष्यभराची रीत होती. गावात शिरताच ते कोणाशी न बोलता रस्ते झाडू लागत. हा वेडा कोण, म्हणून लोक प्रथम हसत. मग संकोचत आणि अखेरीस घरून खराटे घेऊन येत. दिवसा गाव स्वच्छ झाल्यावर रात्री बाबा कीर्तनास उभे राहत. आपल्या वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण करावा काय, मुक्या जनावराचा बळी देवाला हवा काय, माणसाने माणसाचा विटाळ मानावा काय, मुलांना शाळेबाहेर ठेवावे काय? सभेतून नकार उमटे. तो नकार श्रोत्यांच्याच मुखातून निघालेला असल्यामुळे त्यांना तो पाळणे भाग पडे.

१९२३ साली एकुलता एक पुत्र गोविंद निवर्तल्याची वार्ता त्यांना कोकणात मिळाली. पण लोकांना दिलेल्या वेळेचे कीर्तन थांबले नाही. लक्षावधी रुपये त्यांच्या शब्दाखातर जमा झाले. त्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांच्या आप्तांसाठी निवारा झाला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस विद्यार्थ्यांसाठी दिली. एवढ्या वास्तू उभारणाऱ्या या पुरुषाने पत्नीला मात्र झोपडीतच राहावयास लावले. त्यात त्या माउलीने सोसलेले कष्टही थोडे नव्हते. बाबांनी स्वतःस कोणाचा गुरू म्हणवून घेतले नाही. पाया पडू पाहणाऱ्यांपासून ते दूर पळत. ज्याच्या हाती लोकांनी विश्वासाने पैसा दिला, त्याच्या अंगावर चिंध्याच राहिल्या, म्हणूनच तो विश्वास अखेरपर्यंत टिकला.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. पुढे २००० साली महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छतेचे अभियान त्यांच्याच नावाने आरंभिले आणि सहस्रावधी ग्रामस्थांनी पुन्हा खराटे हाती घेतले.

गृहस्थाने घरदार सोडावे, असा या चरित्राचा आशय नाही. मुलांनी, शेजाऱ्यांनी जे करावे असे आपणांस वाटते, ते आपण प्रथम करावे आणि त्याच्या फळावर हक्क सांगू नये, एवढे जरी साधले तरी पुरे आहे. असे घडले म्हणजे सांगण्याची वेळ फारशी येत नाही; पाहणाऱ्यांचे हात आपोआप कामास लागतात.