बास्केटबॉलचे जनक : डॉ. जेम्स नायस्मिथ

आमच्या शाळेच्या पटांगणावर बास्केटबॉलचा सामना सुरू झाला की पाच मिनिटांच्या आत दोन तंटे हमखास उपस्थित होतात. हाती चेंडू घेऊन खेळाडू किती पावले चालला, हा एक. आणि त्याचा पाय रेषेवर पडला की रेषेच्या आत, हा दुसरा. मग पंचांची शिट्टी एकीकडे राहते आणि मराठी, तेलुगू व उर्दू अशा तिन्ही भाषांतून खडाजंगी सुरू होते. हे तंटे ज्यांच्या नियमांतून निघाले, त्या गृहस्थांची ओळख विद्यार्थ्यांना असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

जेम्स नायस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील आल्मॉन्ट या गावानजीक झाला. मुलगा नऊ वर्षांचा असताना विषमज्वराने आईवडील दोघेही दगावले. मामांनी त्यांचा सांभाळ केला. शाळेत मन रमेना, म्हणून ती सोडून त्यांनी काही वर्षे रानात लाकूडतोडीचे काम केले. पुढे उमज पडून ते पुन्हा शाळेत गेले आणि १८८७ मध्ये मॅक्‌गिल विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी धर्मशास्त्राचेही अध्ययन केले. असा मनुष्य धर्मोपदेशक व्हावयाचा. पण तरुणांचे शील घडवावयाचे तर ते क्रीडांगणावरही घडवता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले आणि १८९० मध्ये ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेत दाखल झाले.

१८९१ च्या हिवाळ्यात तेथील अठरा विद्यार्थ्यांच्या एका वर्गाने शिक्षकांना अगदी जेरीस आणले होते. बाहेर बर्फ, आत तीच ती कवायत! प्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक यांनी नायस्मिथ यांना दोन आठवड्यांची मुदत दिली व व्यायामशाळेत खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यास सांगितले. त्यांनी प्रथम फुटबॉल व लॅक्रॉस हे मैदानी खेळच आत आणून पाहिले, पण लाकडी जमिनीवर धडपडून मुले जायबंदी होऊ लागली. तेव्हा त्यांनी कारणाचा शोध घेतला. मुले एकमेकांना पाडतात, कारण चेंडू घेतलेला गडी पळत सुटतो. त्याला पळूच दिले नाही तर पाडण्याचे प्रयोजनच उरत नाही! आमच्या मते सारा बास्केटबॉल या एका विचारात सामावलेला आहे.

राहिला प्रश्न गोलाचा. लहानपणी नायस्मिथ मोठ्या खडकावर ठेवलेला दगड दुसऱ्या दगडाने उडवण्याचा खेळ खेळत. आपल्याकडील लगोरीचाच तो दूरचा भाऊबंद म्हणावा. त्यात नेम साधावयाचा तर जोराने फेकण्यापेक्षा दगड अलगद वरून टाकणे अधिक उपयोगी पडे. म्हणून त्यांनी गोल डोक्याच्या वर आडवा ठेवला. शिपायाजवळ खोकी नव्हती. त्याने पीचच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तो कठडा दहा फुटांवर होता, आणि तीच उंची आजही कायम आहे. २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ गड्यांचा पहिला सामना झाला. त्यात गोल झाला एकच.

नियम एकंदर तेरा होते. तिसरा असा, की चेंडू घेऊन धावावयाचे नाही. जेथे पकडला तेथूनच फेकावयाचा. नववा असा, की चेंडू रेषेबाहेर गेल्यास जो प्रथम त्याला स्पर्श करील त्याने तो आत फेकावा. हा नववा नियम कागदावर निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात मात्र चेंडू बाहेर जाताच दोन्ही पक्ष त्याच्यावर तुटून पडत. सज्जात गेला तर जिन्यावर झोंबाझोंबी होई. जी धक्काबुक्की टाळण्यासाठी खेळ निर्माण केला, तीच रेषेपलीकडे जाऊन बसली! काही ठिकाणी मैदानाभोवती चक्क तारेची जाळी उभारण्यात आली. अखेर १९१३ मध्ये नियम बदलला आणि ज्याच्या स्पर्शाने चेंडू बाहेर गेला त्याच्या प्रतिपक्षाला तो मिळू लागला. आज रेषा ही बाहेरचीच समजतात. तीवर पाय टेकला की खेळाडू बाद क्षेत्रात. परंतु आतून उडी मारून, पाय टेकण्यापूर्वी हवेतूनच चेंडू आत परतवणे पूर्णपणे नियमसंमत आहे. मुलांनी हे ध्यानात ठेवल्यास निम्मा गलका कमी होईल.

चेंडूला टप्पे देत नेण्याचा, म्हणजे ड्रिब्लिंगचा, त्या तेरा नियमांत उल्लेखही नाही. घेरलेल्या गड्याला पळता येईना, चेंडू देण्यास साथीदार दिसेना. तेव्हा तो चेंडू हातून सोडी आणि पुन्हा स्वतःच पकडी. हातात चेंडू नसताना धावण्यास मनाई कोठे होती? ही खेळाडूंची युक्ती हळूहळू खेळाचे अंग बनली. दोन्ही हातांनी टप्पा देणे, थांबून पुन्हा सुरू करणे यांवर बंधने आली. १९०८ पासून टप्पे देणाऱ्यास स्वतः गोल करण्याचीही मुभा मिळाली. १९२७ मध्ये एकाच टप्प्याची मर्यादा घालण्याचे ठरले, पण प्रशिक्षकांनी एकजुटीने तो बेत हाणून पाडला. त्यांचे पुढारी फॉग ॲलन हे नायस्मिथ यांचेच शिष्य. आपण न योजलेली ही चाल स्वतः नायस्मिथ यांना खेळातील सुंदर गोष्टींपैकी एक वाटे.

मधल्या काळात ते वैद्यकीची पदवी घेऊन १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेले. तेथे ते संघाचे पहिले प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. खेळाच्या जनकाच्या नावावर पराजय अधिक! त्यांनी या खेळाचे पेटंट घेतले नाही. स्प्रिंगफील्डलाच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि तेथून बाहेर पडलेले शिक्षक गावोगाव गेले. आपल्या दक्षिणेत हा खेळ रुजला त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

१९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल प्रथम आला. नायस्मिथ यांच्या प्रवासासाठी अमेरिकेत वर्गणी गोळा झाली होती. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानावर आणि भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना, त्यामुळे टप्पे देणे अशक्य झाले आणि गड्यांना जागच्या जागी उभे राहून चेंडू फेकावा लागला, थेट तिसऱ्या नियमाप्रमाणे. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. एक त्यांची कर्मभूमी, दुसरी जन्मभूमी.

२८ नोव्हेंबर १९३९ रोजी कॅन्ससमधील लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. तेरा नियमांची ती टंकलिखित दोन पाने २०१० मध्ये लिलावात सुमारे ४३ लाख डॉलरना विकली गेली व आता कॅन्सस विद्यापीठात ठेवलेली आहेत. कधीच रद्द झालेला नववा नियम त्यांत अजून आहे.